तळ्यावरच्या पाटीची दुरुस्ती

त्या पाटीवरची पहिलीच सूचना चुकीची आहे. ‘नवशिक्याने तळ्याच्या कुठल्याही काठाला आडोसा पाहून बसावे.’ कुठल्याही काठाला म्हणे. हे ज्याने लिहिलं तो जन्मात कधी पहाटेच्या थंडीत तळ्यावर बसलेला नाही, आणि बंदूक त्याने भिंतीवर टांगलेलीच पाहिली असणार. दुसरी सूचना म्हणते, अंगावर पानाफुलांच्या नक्षीचे खास कपडे हवेत. तिसरी म्हणते, सोबत तरबेज कुत्रा असावा, आणि त्या कुत्र्याच्या विलायती जातीही दिल्या आहेत. आमच्या तळ्यावर कुत्रं होतं ते एकच, पलीकडच्या वस्तीतलं. ते बंदुकीचा आवाज आला की शेपूट घालून पळायचं.

ही पाटी आहे इंदूरजवळ महू रोडच्या आतल्या बाजूला, एका रिसॉर्टच्या जेवणाच्या हॉलमध्ये. चांगली दारभर उंचीची, काच लावलेली, वर दिवा सोडलेला. मथळा आहे: ‘तळ्यावरची बदकांची शिकार, नवशिक्यांसाठी काही सूचना’. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला हिंदी. खाली लिहिलंय की या सूचना आबासाहेबांच्या आहेत. आबासाहेब म्हणजे या जमिनीचे जुने मालक, दरबारी घराण्यातले, माझ्या वडिलांचे लांबचे मावसभाऊ. त्यांनी आयुष्यात सूचना म्हणून एक ओळ लिहिली नाही. ते तोंडाने सांगायचे, आणि तेही एकदाच.

शिकार आज कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. मग ज्या गोष्टीसाठी माणूस तुरुंगात जाईल तिच्या सूचना जेवणाच्या हॉलमध्ये कशाला, असं मी विचारलं तर आबासाहेबांचा नातू, जो हे रिसॉर्ट चालवतो, मला म्हणाला, “अंकल, हेरिटेज आहे ते. गेस्ट लोक सेल्फी काढतात.” नात्याने मी त्याचा काका लागतो. तो मला अंकल म्हणतो.

पण कुत्रा आणि कपडे यांवर मी एवढा कागद खर्च करणार नाही. पाटीच्या शेवटी एक परिच्छेद आहे. त्याचा अर्थ असा: ‘एका हिवाळ्यात परदेशीपुऱ्यातल्या एका गिरणी कामगाराच्या मुलाने हे नियम मोडून बंदूक चालवली. त्यात आबासाहेबांचा एक डोळा गेला. त्या दिवसापासून त्यांनी बंदुकीला हात लावला नाही.’

त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं आहे.

मी तिथे गेलो होतो एका साखरपुड्याला, याच फेब्रुवारीत. साखरपुडा होता त्याच गिरणी कामगाराच्या मुलाच्या नातीचा. तो माझा शाळेपासूनचा मित्र. आम्ही दोघंही आता ऐंशीच्या उंबरठ्यावर आहोत. त्याच्या मुलाने इंटरनेटवर फोटो बघून हॉल बुक केला. हेच ते तळं, हे त्या मुलाला माहीत असायचं कारण नाही, कारण माझ्या मित्राने घरात कधी कोणाला त्या सकाळबद्दल सांगितलंच नव्हतं.

“मग तू सांगायचं ना पोराला, दुसरीकडे बघ म्हणून,” मी त्याला गाडीत म्हटलं.

“काय सांगू? की इथे तुझ्या बापाने एकाचा डोळा फोडला? जाऊ दे भिया. पोरीचं शुभकार्य आहे. मी तळ्याकडे पाठ करून बसेन.”

तो खरंच पाठ करून बसला. पण जेवायला हॉलमध्ये जावं लागतं, आणि पाटी तिथे बुफेच्या रांगेला लागूनच आहे. हातात ताट घेऊन तो तिच्यासमोर उभा राहिला. मी त्याच्या मागे. मी ती आधीच वाचली होती आणि त्याला तिथून हलवायच्या विचारात होतो, पण तो हिंदी सावकाश, ओठ हलवत वाचतो, आणि शेवटपर्यंत वाचतो. वाचून झाल्यावर त्याने ताटातल्या वाट्या नीट लावल्या.

“बरोबरच लिहिलंय,” तो म्हणाला. “नाव नाही घातलं बघ. सभ्यपणा आहे त्यांचा.”

तेवढ्यात त्याची नात, जिचा साखरपुडा होता, हिरव्या शालूत मैत्रिणींना घेऊन आली आणि त्या पाटीसमोर उभं राहून फोटो काढू लागली. “आजोबा, तुम्ही पण या ना फ्रेममध्ये.” आणि तो गेला. त्या परिच्छेदाच्या अगदी बाजूला उभा राहिला आणि हसला.

मी तिथून तडक आबासाहेबांच्या नातवाच्या ऑफिसात गेलो. मला इतका संताप आला होता की हातातलं ताट ठेवायचंही भान नव्हतं. मी त्याला काठाबद्दल सुनावलं, कपड्यांबद्दल सुनावलं, कुत्र्याबद्दल सुनावलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “आणि तो ॲक्सिडेंटवाला पॅरा? तो तर ठीक आहे ना? तो माझ्या पप्पांनी सांगितलाय.” त्यावर मी काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर आलो. एवढा आवाज चढवला आणि जे बोलायचं होतं तेच सोडून बाकी सगळं बोलून आलो. त्या दिवशी माझा राग खोटा नव्हता, पण तो चुकीच्या दारावर आपटत होता.

आता खऱ्या सूचना सांगतो. शिकार शिकवायला नव्हे. त्या समजल्याशिवाय त्या सकाळी काय झालं हे समजणार नाही म्हणून.

तळं लहान. एका काठावरून भिरकावलेला दगड दुसऱ्या काठाच्या जेमतेम अलीकडे पडेल एवढं. पूर्वेला मातीची उंच पाळ, पाळीवर बेशरमाची झुडपं. थंडीत उत्तरेकडून मुरगाब्या यायच्या. रानबदकांना आमच्याकडे सगळे मुरगाबीच म्हणत. रात्री त्या शेतांत चरत आणि उजाडताना पाण्यावर उतरत. म्हणून बसायचं ते पूर्वेच्या पाळीवरच. सूर्य आपल्या पाठीशी आणि उतरणाऱ्या पक्ष्याच्या डोळ्यांत. सगळ्या बंदुका एकाच पाळीवर, समोरच्या काठाला कोणी नाही. लहान तळ्यावर समोरासमोर बसणं म्हणजे एकमेकांवर बंदूक रोखणं. ‘कुठलाही काठ’ लिहिणाऱ्याने हे एवढं जरी कोणाला विचारलं असतं तरी पुरे होतं.

दुसरं, बार आभाळात झाडायचा, पाण्यावर नाही. छर्रे पाण्यात बुडतात असं नवशिक्याला वाटतं. ते बुडत नाहीत. तिरपे लागले तर चपट्या दगडासारखे टप्पे घेत पुढे जातात, आणि पुढे कोण आहे ते त्यांना कळत नाही. आबासाहेबांनी आम्हाला हे एकदा करून दाखवलं होतं. पलीकडच्या काठावर जुनी घागर ठेवली आणि अलीकडच्या पाण्यावर बार टाकला. घागरीला भोकं पडली.

तिसरं, तळ्याला विश्रांती द्यायची. एका सकाळी आवाज केला की पुढचे कितीतरी दिवस तिकडे फिरकायचं नाही. ऊन वर आलं की आपण निघायचं, म्हणजे पक्षी परत येतील. “तळं आपलं आहे, पक्षी आपले नाहीत,” असं ते म्हणत. आता त्या तळ्यावर डीजे वाजतो आणि पॅडलच्या प्लॅस्टिक हंसांच्या होड्या फिरतात. असो.

आणि चौथी गोष्ट, जी मी दुसऱ्या कुठल्या तळ्यावर ऐकली नाही. ती आबासाहेबांच्या घराची रीत होती. ज्याच्या बाराने पक्षी जखमी होऊन पाण्यात पडेल, त्याची बंदूक त्या दिवसापुरती बंद. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, काडतूस काढून, बंदूक उघडी मांडीवर ठेवायची आणि बाकीच्यांची सकाळ नुसती बघायची. पक्षी कोणाच्याच नावावर धरायचा नाही. आबासाहेब स्वतः काठाने फिरून जायचे, तो पक्षी हाताने पकडायचे आणि चटकन त्याचं दुःख संपवायचे. ते परत येईपर्यंत कोणीही बार झाडायचा नाही. जखमी केलं तो चुकला, आणि चुकलेल्याने गप्प बसायचं. साधी रीत होती. मला त्या वयात ती अपमान वाटे.

आम्ही कॉलेजात होतो. मित्राला तळ्यावर मीच नेऊ लागलो होतो. त्याचे वडील गिरणीत विणाई खात्यात, घर परदेशीपुऱ्यात चाळीत. आबासाहेबांचं घर तुकोगंजमध्ये, पुढे बाग, मागे जीप. आबासाहेबांनी त्याला कधी वेगळं वागवलं नाही. उलट त्याचा हात स्थिर आहे असं ते माझ्यासमोर म्हणत, आणि ते मला झोंबे. आम्हा दोघांना एकेक एकनळी बंदूक मिळे. त्या सकाळी पाळीवर आम्ही तिघंच होतो. आबासाहेब मध्ये, मी उजवीकडे, तो डावीकडे, मध्ये झुडपं, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांना दिसत नव्हतो.

पहिला थवा उतरताना मी बार टाकला. एक सींखपर पडला. हा सुईसारख्या लांब शेपटीचा नर, दिसायला फार देखणा. माझा तो पहिलाच. पण तो पडला आणि पोहू लागला. एक पंख पाण्यावर फरपटत तो पलीकडच्या गवताकडे निघाला.

आबासाहेब उठले. माझ्याकडे बघून हाताने नळी मोडायची खूण केली. मित्राला म्हणाले, “मी येईपर्यंत शांत.” आणि ते पाळीवरून खाली उतरून काठाने पलीकडे चालू लागले.

मी नळी मोडली. काडतूस काढलं. मग तो पक्षी बघत बसलो. तो हळूहळू पोहत होता, आबासाहेब पलीकडच्या गवताजवळ पोहोचत होते. ते तिथे गेले की संपलं, पक्षी कोणाचाच नाही आणि माझी सकाळ संपली. पण तो आधीच पाण्यात मेला तर कोण म्हणणार की जखमी होता. मी नवं काडतूस घातलं, नळी बंद केली आणि पक्ष्यावर नेम धरला.

त्याच वेळी मागे राहिलेला एकटा पक्षी पाण्यावरून वर आला आणि मित्रालाही राहवलं नाही. त्याने त्याच्यावर आभाळात बार टाकला. दोन्ही बार एकात एक मिसळून झाले. त्याचा वर, माझा पाण्यावर. माझ्या पक्ष्याच्या पुढे पाण्यावर टिपक्यांची एक रांग उठत गेलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. शिवणाचे टाके पडत जावेत तशी ती सरळ पलीकडच्या काठाला गेली, आणि आबासाहेबांनी डोळ्यावर हात ठेवला.

ते ओरडले नाहीत. गवतात खाली बसले आणि म्हणाले, “आधी बंदुका उघडा.”

मी उघडली. रिकामं काडतूस काढून समोरच्या पाण्यात टाकलं. हे मी विचार करून केलं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. पण केलं मीच. आम्ही धावत पलीकडे गेलो. त्यांच्या बोटांमधून रक्त येत होतं.

“कोणी झाडली?” त्यांनी विचारलं.

“मी झाडली,” मित्र म्हणाला. लगेच म्हणाला. त्याने झाडलीच होती.

त्यांनी दुसरा डोळा माझ्याकडे वळवला. मी म्हटलं, “माझी बंदूक उघडी होती.”

एवढंच. आबासाहेबांच्याच रितीने माझी बंदूक उघडी असायला हवी होती, म्हणून ती उघडी होती हे सगळ्यांनी धरून चाललं. मला दुसरं काही खोटं बोलावंच लागलं नाही. घराच्या शिस्तीचा असा उपयोग करणारा त्या घराण्यात मी पहिलाच असेन.

डोळा गेला. पुढच्या आठवड्यात मित्राचे वडील तुकोगंजला आले. गिरणीतून सुट्टी घेऊन, धुतलेला कोट घालून. बैठकीत आबासाहेब डोळ्याला पट्टी बांधून बसले होते. मित्राच्या वडिलांनी काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली आणि आबासाहेबांच्या पायांवर ठेवली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. मित्र भिंतीला टेकून उभा होता आणि सारखा माझ्याकडे बघत होता. आबासाहेबांनी वाकून ती टोपी उचलली आणि परत त्यांच्या डोक्यावर ठेवली. “मुलाचा दोष नाही,” ते म्हणाले, “मी त्या काठाला जायला नको होतं.” हा मोठेपणा पाटीवर कुठे आहे? कुठेच नाही. कारण त्यात गिरणी कामगाराचा मुलगा दोषी ठरत नाही.

आबासाहेबांनी मला नंतर एकदाच विचारलं होतं. “त्या दिवशी तुझी उघडीच होती ना?” मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. ते जाऊनही आता फार वर्षं झाली.

मित्राच्या मनात मात्र कायमची एक गाठ बसली. दिवाळीत त्याच्या मुलांना टिकल्यांचं पिस्तूल मिळालं नाही. आणि इंदूरच्या माणसाला सांगायला नको, पण रंगपंचमीला आम्ही दरवर्षी राजवाड्याला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला जायचो. आभाळातून रंगाचे फवारे यायचे, ओळखीचा-अनोळखी जो भेटेल त्याच्यावर पिचकारी चालायची. हा मित्र मात्र गुलाल लावायचा, हाताने. पिचकारी त्याने कधीही कोणावर धरली नाही. कोणी हातात दिली तर दुसऱ्याला देऊन टाकायचा. लोक थट्टा करायचे. “घाबरतोस काय रे, पानी है, तेजाब थोड़ी है.” मी शेजारी उभा असायचो. मला कारण माहीत होतं, आणि ते कारण खोटं आहे हेही माहीत होतं. तरी मी त्या थट्टेत हसायचो.

साखरपुड्यानंतर चार-सहा दिवस मी घरात चिडचिड करत काढले. सुनेला वाटलं साखर वाढली. मग एका सकाळी परदेशीपुऱ्याला मित्राकडे गेलो.

तो ओट्यावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होता. मला बघून त्याने थोडी जागा केली आणि अर्धी पेंडी माझ्याकडे सरकवली. “बस. हात चालव. सूनबाई, चहा दोन कप.”

मी हात चालवला नाही. म्हटलं, “त्या दिवशी पाण्यावर मी झाडली होती.”

“कुठल्या पाण्यावर?”

“आपल्या तळ्यावर. तुझा बार वर गेला होता. आबासाहेबांना माझे छर्रे लागले. पाण्यावरून उडून.”

तो सोलत राहिला. “तुझी तर बंदूक उघडी होती.”

“नव्हती.”

“तू म्हणालास उघडी होती.”

“खोटं बोललो.”

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“तेव्हापासून. मी बघितलं ना. पाण्यावर टिपके उठत गेले.”

त्याने हातातला घाटा फोडला, दाणा काढला, तो वाटीत टाकायच्या ऐवजी टरफलांत टाकला. मग टरफलांतून शोधून परत वाटीत टाकला.

“माझ्या बापाने टोपी काढली होती,” तो म्हणाला.

“मी तिथेच होतो.”

“हां. ट्रे घेऊन. मी सारखा तुझ्याकडेच बघत होतो. मला वाटत होतं, बरं झालं, या खोलीत कोणीतरी आपलं आहे.”

मी समोरची पेंडी बाजूला सरकवली.

“माझा बाप मरेपर्यंत त्या रस्त्याने गेला नाही,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “तुकोगंजला काही काम निघालं तर मला पाठवायचा आणि वर म्हणायचा, खाली बघून जा. आणि तू माझ्या पोराच्या लग्नात पंगतीला बसलास. माझ्या बापाच्या तेराव्याला जेवलास. यार, तू काय माणूस आहेस?”

त्याची सून चहा घेऊन आली. तिला काही कळलं नाही. “काका, साखर कमी घातलीय तुमच्यात,” म्हणाली.

“चहा पी,” तो म्हणाला. “सांगितलाय तर पिऊन जा. मग मी बोलावल्याशिवाय यायचं नाही.”

मी चहा प्यायलो. जाताना त्याने मागून हाक मारली. “आणि ती पाटी. ती पोरीने फोटोसकट सगळ्यांना पाठवलीय. ती नीट करून आण.”

मी दुसऱ्याच दिवशी रिसॉर्टला गेलो आणि या वेळी बरोबर दारावर गेलो. नातवाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, “काही प्रॉब्लेम नाही अंकल. तो पॅराच काढून टाकू. तसाही निगेटिव्ह वाटतो.”

“काढायचा नाही. दुरुस्त करायचा. कोणी केलं ते लिहायचं.”

“म्हणजे तुमचं लिहायचं?” तो हसला. “असं कसं लिहिणार अंकल, तुम्ही तर घरचे.”

मी घरचा. माझा मित्र बाहेरचा. म्हणून त्याचं पाटीवर लिहिता आलं, काच लावता आली, वर दिवा सोडता आला, आणि माझं लिहायचं म्हटल्यावर यांना एकदम घराण्याची लाज आठवली. मी त्याला विचारलं की परदेशीपुरा कशाला घातलास, गिरणी कामगार कशाला घातलंस, बाराला जात लागते का, पत्ता लागतो का? तो म्हणाला, “स्टोरीला डिटेल लागतात.” हे त्याने कोणावर राग न धरता, अगदी प्रेमाने सांगितलं. मला चहा दिला. गाडीपर्यंत सोडायला आला.

होळीच्या सुमाराला नवीन पाटी लागली. त्याने मला फोटो पाठवला, खाली हात जोडल्याची खूण. शेवटचा परिच्छेद गेला आहे. त्याच्या जागी कमळाचं चित्र आहे. कुठलाही काठ, कपडे, विलायती कुत्रा, सगळं तसंच आहे. आबासाहेबांचा डोळा आता कशाने गेला हे कोणालाच कळणार नाही, आणि ज्यांनी आधीची पाटी वाचली, फोटो पाठवले, त्यांच्या डोक्यात परदेशीपुऱ्याचा मुलगा राहणार तो राहणारच. याला ते दुरुस्ती म्हणतात.

रंगपंचमीच्या दिवशी मी घरीच होतो. गेर बघायची ताकद आता गुडघ्यांत नाही. दुपारी बेल वाजली आणि सून म्हणाली, “बाबा, काका आलेत. पण आत येत नाहीत.”

तो दारात उभा होता. पांढरा सदरा कोरडा, म्हणजे कोणाशी खेळून आला नव्हता. हातात नातवंडांची प्लॅस्टिकची पिचकारी, भरलेली. जिना चढून धाप लागली होती.

“चष्मा काढ,” तो म्हणाला.

मी काढला. त्याने पिचकारी वर केली. ती माझ्या तोंडासमोर आली आणि तिथेच थांबली. त्याचा हात जराही हलत नव्हता. आबासाहेब म्हणायचे ते खरं होतं. मी डोळे मिटले नाहीत, मिटायचा मला हक्क नाही असं वाटलं. मग त्याने ती खाली घेतली आणि पाणी माझ्या छातीवर मारलं. गार होतं. लाल रंग पायांपर्यंत उतरला.

“आत ये,” मी म्हटलं.

“पाटी झाली?”

मी सांगितलं काय झालं ते. कमळाचंही सांगितलं.

त्याने पिचकारीचा दट्ट्या दोन-तीनदा मागेपुढे केला, उरलेलं पाणी पायरीवर सांडलं. “मग तू लिही,” तो म्हणाला. “तुझं शिक्षण कधी कामाला येणार? लिही आणि कुठेतरी छापून आण. माझ्या नातीला वाचता आलं पाहिजे.”

“मग आत येशील?”

“आधी तिला वाचू दे,” म्हणाला, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेला.

त्याच्या नातीचं शिक्षण सगळं इंग्रजीत झालं आहे. मराठी ती अडखळत वाचते. म्हणून शक्य तेवढं सोपं लिहिलं आहे.